जुलैत गावाला गेलात, एप्रिलात फुलं कुठून येणार?

मागच्या अंकात माझ्या दारातल्या लाल अझेलियाचा फोटो छापून आला आणि पत्रांची रांग लागली. तेव्हा या महिन्यात भेंडीची रोपं, टोमॅटो, खिडकीतला कढीलिंब हे सगळे बाजूला. ज्यांनी फोटो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. गुडघ्याच्या थोडं वर येणारं, गोलसर, हिवाळ्यातही पानं राखणारं हे जपानी अझेलिया. जात ‘हिनो क्रिमसन’. एप्रिलच्या शेवटी असं फुलतं की पान शोधावं लागतं. मी सरे परगण्यात वोकिंगजवळ राहते. इथली जमीन वाळूची आणि आम्लधर्मी, माझ्या भाषेत आंबट. त्यामुळे माझ्या झाडाचं फार कौतुक करू नका. त्यातलं निम्मं श्रेय जमिनीचं आहे. चुनखडीच्या जमिनीत मी काय दिवे लावले होते ते पहिल्याच उत्तरात येईल.

ताई, तीन वर्षांपूर्वी गार्डन सेंटरमधून ‘हिनो क्रिमसन’च आणलं होतं, फुलांनी गच्च भरलेलं. घरापुढच्या वाफ्यात लावलं. पहिलं वर्ष बरं गेलं. आता पानं पिवळी पडलीत, शिरा तेवढ्या हिरव्या. या वर्षी मोजून पाच फुलं आली. सासूबाई म्हणतात, कढीलिंबाला घालतो तसं आंबट ताक घाल. घालू का?
— एक वाचक, हॅरो

ताकाची कढी करा. सासूबाईंचा रोख मात्र बरोबर आहे हं. झाडाला आंबटपणा कमी पडतोय हे त्यांनी न शिकता ओळखलं. पण वाटीभर ताकानं वाफा आंबट होत नाही, मांजरं मात्र गोळा होतात. कॉफीचा चोथा, लिंबाची सालं, व्हिनेगर यांचंही तेच. दोन दिवसांचा आनंद.

पिवळं पान आणि हिरव्या शिरा, ही खूण लांबूनही ओळखता येते. झाडाला लोह मिळत नाहीये. जमिनीत लोह असतंच, पण चुना जास्त असला की ते अशा रूपात अडकून बसतं की अझेलियाच्या मुळांना उचलता येत नाही. या झाडाला पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, साधारण ४.५ ते ६ च्या दरम्यान लागतो. आकडा जितका लहान, तितकी जमीन आंबट. तपासायचं किट स्वस्तात मिळतं. तेही नको असेल तर गल्लीतून एक फेरी मारा आणि लोकांच्या हायड्रेंजिया बघा. निळ्या असतील तर जमीन आंबट, सगळ्या गुलाबी असतील तर बहुतेक चुना.

दुसरा गुन्हेगार तुमच्या स्वयंपाकघरात आहे. किटलीच्या तळाशी पांढरा थर बसतो ना? लंडन आणि आसपासचं नळाचं पाणी जड आहे. जो थर तुम्ही किटलीतून खरवडून काढता, तोच तीन वर्षं झाडाच्या मुळाशी ओतताय.

आता माझी गोष्ट. १९९१ साली आम्ही ल्यूटनला राहायला गेलो. तिथं खाली खडू, नळाला खडू. मी कुडाळकडची. आमच्याकडे चुलीतली राख माडाच्या नि केळीच्या बुंध्यात जायची, टाकून द्यायची म्हणजे पाप. तर उन्हाळ्यात बार्बेक्यू झाला की मी उरलेली राख नेमानं नव्या अझेलियाला घालायची. राख म्हणजे चुन्याची सख्खी बहीण, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पानं पिवळी पडली तसं मला वाटलं भूक लागली असेल, म्हणून आणखी राख. दुसऱ्या वर्षी झाड गेलं. उपटायला गेले तर नुसतं हातात आलं. मुळांचा गोळा दुकानातल्या कुंडीच्या आकाराचा, जसाच्या तसा! दोन वर्षांत एक मूळ बाहेरच्या मातीत शिरलं नव्हतं. तो काळा गोळा मी हातानं फोडला, तर आत कोरडा भुसा. वरून पाणी घालत होते ते बाजूनं वाहून जात होतं. म्हणजे मी त्याला एकाच वेळी विषही घातलं होतं आणि तहानेलंही ठेवलं होतं.

तुमच्याही झाडाचं आत असंच असेल असा माझा दाट संशय आहे. आता जून आहे, उपटायची घाई नको. ऑक्टोबरपर्यंत त्याला फक्त पावसाचं पाणी द्या आणि ‘सीक्वेस्टर्ड आयर्न’ (मुळांना उचलता येईल अशा रूपातलं लोह) लिहिलेलं औषध बाटलीवरच्या प्रमाणात एकदा-दोनदा द्या. जुनी पिवळी पानं नाही, पण नवी पानं हिरवी येतील. ऑक्टोबरात ते अलगद उचला. अझेलियाची मुळं केसांसारखी बारीक आणि उथळ, सगळी वरच्या वितीत असतात, त्यामुळे ते हलवणं इतर झुडपांपेक्षा सोपं जातं. उचलल्यावर पावसाच्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग गोळ्याच्या कडा बोटांनी मोकळ्या करा. निर्दयपणे केलंत तरी चालेल. जमीन चुन्याची निघाली तर परत वाफ्यात लावू नका. गंधक घालून जमीन आंबट करता येते असं पुस्तकं सांगतात, आणि ते खरंही आहे, पण खडूच्या जमिनीत ते समुद्रात मीठ घालण्यासारखंच. त्यापेक्षा रुंद कुंडी घ्या, खोलीपेक्षा रुंदी महत्त्वाची, आणि ‘एरिकेशियस’, म्हणजे आंबट माती लागणाऱ्या झाडांसाठीचं, असं लिहिलेलं कंपोस्ट भरा. गोळ्याचा वरचा भाग कंपोस्टच्या पातळीला यायला हवा. एक इंचही खाली नको. खोल लावलेलं अझेलिया वर्षा-दोन वर्षांनी कुढत मरतं आणि आपण दोष थंडीला देतो. वर पाइनच्या सुया किंवा झाडाच्या सालीचा थर द्या, खोडाला चिकटू न देता.

आणि छपराच्या नळाखाली २०० लिटरचं पिंप बसवा. पिंप आटलं आणि ऊन तापलं तर नळाचं पाणी बेलाशक द्या. महिनाभर जड पाणी प्यायल्यानं झाड मरत नाही, तहानेनं आठवड्यात मरतं. फक्त घरात वॉटर सॉफ्टनर, म्हणजे जड पाणी मऊ करणारं यंत्र, असेल तर त्या तोटीचं नको, त्यात सोडियम असतं.

पाटीवर ‘एव्हरग्रीन’ असं लिहिलेलं. नोव्हेंबरात निम्मी पानं पिवळी होऊन गळाली, उरलेली तांबडी झाली. फसवलं का आम्हाला? परत नेऊन देऊ का?
— मिल्टन कीन्सहून

देऊ नका, दुकानदार हसेल. तुमचं झाड ठणठणीत आहे.

या अझेलियांना वर्षात दोन प्रकारची पानं येतात. वसंतात येतात ती मोठी आणि पातळ. ती त्याच वर्षीच्या शरदात गळायची असतात. उन्हाळ्यात फांदीच्या टोकाला येतात ती लहान, जाड, चामड्यासारखी. ती हिवाळाभर राहतात. एक फांदी हातात धरून बघा. खालची पानं बोटाच्या पेराएवढी, वरची त्याच्या निम्मी, शेंड्याभोवती गुलाबासारखी दाटलेली. हा गुच्छ आहे तोवर काळजी नाही. लाल फुलांच्या जातींची ही पानं थंडीत तपकिरी-तांबडी होतात. ‘हिनो क्रिमसन’ तर हिवाळ्यात तांब्याच्या घासलेल्या भांड्यासारखं दिसतं. मला ते फुलांइतकंच आवडतं. फुलं काय, तीन आठवड्यांची पाहुणी.

टोकाची लहान पानंसुद्धा गळली, किंवा ती वाळून फांदीला तशीच चिकटून राहिली, तर मात्र मुळं बघा.

आमचं अझेलिया पॅटिओवर कुंडीत आहे. एरिकेशियस कंपोस्ट, पावसाचं पाणी, खत, सगळं करतो. झाड हिरवंगार. पण दोन वर्षं झाली, फूल नाही. मुलांच्या शाळा सुटल्या की आम्ही पाच आठवडे नाशिकला जातो, बाकी वर्षभर कुठे हलत नाही. सप्टेंबरात आल्यावर वाढलेल्या फांद्या कातरून छान गोल करतो. काय चुकतं?
— स्लाउ

पत्र वाचून मी मोठ्यानं ‘अगं बाई’ म्हणाले. नवरा पेपरातून वर बघायला लागला. तुम्ही दोन चुका केल्यात आणि दोन्ही स्वतःच प्रामाणिकपणे लिहून कळवल्यात.

अझेलियाची फुलं आपण एप्रिल-मेमध्ये बघतो. पण ती तेव्हा तयार होत नाहीत. जूनमध्ये नवे शेंडे वाढतात, जुलैत वाढ थांबते, आणि मग जुलै-ऑगस्टच्या त्या दिवसांत शेंड्याच्या टोकाला पुढच्या वर्षीची कळी धरते. सप्टेंबर संपेपर्यंत ती चांगली भरलेली असते. हिवाळाभर तशीच मिटून बसते. म्हणजे फुलांचा सगळा हिशोब, इंग्लंडातले आपण सगळे विमानतळावर वजनकाट्यापुढे बॅगा उघडून बसलेलो असतो, त्या आठवड्यांत होतो.

कुंडीतलं झाड पाच आठवडे पाण्याविना मेलं नाही, म्हणजे अधूनमधून पाऊस पडत होता. मरणार नाही इतकं पाणी आणि कळी धरेल इतकं पाणी यात फार फरक आहे. तहानलेलं झाड आधी पानं वाचवतं. कळ्या धरतच नाही, किंवा धरलेल्या टाकून देतं. आणि ज्या काही चुकार कळ्या शिल्लक राहिल्या असतील त्या तुम्ही सप्टेंबरात कात्रीनं गोल करून टाकल्या!

कळी कशी ओळखायची ते सांगते, म्हणजे पुन्हा कात्री लावताना हात थबकेल. ऑक्टोबरात शेंड्याच्या टोकाची दोन-चार लहान पानं बाजूला करा. आत बारीक, टोकदार, चपटं काही दिसलं तर तो पानाचा डोळा. फुगीर, जवसाच्या दाण्याहून मोठं, तपकिरी खवल्यांचं काही असेल आणि बोटांत धरलं की टणक लागत असेल, तर ती फुलाची कळी. एकेका कळीत दोन-तीन फुलं असतात. माझ्या झाडावर मी एकदा एका फांदीवरच्या कळ्या मोजल्या आणि चाळिसाला कंटाळून सोडून दिल्या.

तर छाटणी करायची ती फुलं सुकल्या-सुकल्या, जूनच्या मध्यापर्यंत. हा अंक हातात पडला की त्याच दिवशी करा, उद्यावर टाकू नका. खत जूनअखेर बंद. नंतर दिलं तर पालाच वाढतो. उरला प्रश्न नाशिकचा. आईवडिलांना भेटायला जाऊ नका असं मी सांगणार नाही. मी स्वतः पस्तीस वर्षं तेच करत आले. कुंडी उत्तरेच्या भिंतीशी, सावलीत हलवा. आणखी दोन-तीन कुंड्या भोवती गच्च लावा म्हणजे एकमेकींना ओल मिळते. आणि शेजाऱ्याला सांगा. इंग्रज शेजारी एकदा हो म्हणाला की पाणी घालतोच. आमच्या शेजारच्या आजोबांना मी सांगून गेले होते की आठवड्यातून दोनदा, आमच्या पिंपातलं. परत आले तर फ्रिजवर चिठ्ठी, तारीखवार, किती झाऱ्या घातल्या याची. त्यांना नाशिकचा चिवडा आणा, पुढच्या वर्षी स्वतःहून विचारतील.

एवढं करूनही कळ्या धरल्या आणि मार्च-एप्रिलात तपकिरी होऊन गेल्या, तर जागा बदला. रात्री गोठलेल्या कळीवर पूर्वेचं सकाळचं ऊन थेट पडलं तर ती भाजल्यासारखी होते. पश्चिमेकडची, झाडांच्या विरळ सावलीची जागा उत्तम.

मी तोक्योत निशी-कासाईला राहतो. एप्रिलात नेझूच्या देवळात गेलो होतो. टेकडीवर शंभरेक जातींची तीन हजार झाडं फुललेली, त्यांना सगळे ‘त्सुत्सुजी’ म्हणत होते. आता जूनमध्ये बाल्कनीसाठी तसंच दिसणारं झाड घेतलं, तर दुकानदारीणबाई म्हणतात, हे ‘सात्सुकी’. दोन्ही अझेलियाच ना? आणि बाल्कनीत कसं जगवू?

तुम्ही अझेलियाच्या माहेरी बसून सरेच्या बाईला विचारताय, पण विचारलंत म्हणून बरं वाटलं.

दोन्ही अझेलियाच. त्सुत्सुजी हे सगळ्यांचं नाव. सात्सुकी हे त्यातल्या उशिरा फुलणाऱ्यांचं. सात्सुकी म्हणजे जपानच्या जुन्या चांद्र पंचांगातला पाचवा महिना. आपला पाचवा श्रावण, पण त्यांचं वर्ष आपल्या माघाच्या आसपास सुरू व्हायचं, म्हणून त्यांचा पाचवा ढोबळमानानं आपला ज्येष्ठ. वटपौर्णिमेच्या सुमाराला फुलणारं म्हणा. पानं आधी, फुलं मागून. म्हणून नेझूच्या झाडांसारखी नुसती रंगाची उशी दिसत नाही, हिरव्यातून फुलं डोकावतात. बोन्सायवाल्यांचं हे लाडकं.

माझं ‘हिनो क्रिमसन’ ज्या घराण्यातून आलं ते कुरुमेचं. क्यूशू बेटावर फुकुओका प्रांतात कुरुमे गाव आहे. १८३० च्या आसपास तिथल्या साकामोतो मोतोझो नावाच्या सामुराईनं ही बुटकी, दाट, लहान फुलांची झाडं वाढवायला घेतली. तलवारीला काम उरलं नव्हतं, ते हात कुंड्यांकडे वळले असावेत, असं आपलं माझं मत. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात ती पाश्चात्त्यांनी पाहिली. मग १९१८ मध्ये अर्नेस्ट विल्सन हा वनस्पती गोळा करणारा इंग्रज खुद्द कुरुमेला गेला. शेकडो जातींतून त्यानं पन्नास निवडल्या आणि बॉस्टनच्या अर्नोल्ड आर्बोरेटम या वृक्षोद्यानाला पाठवल्या. ‘विल्सनच्या पन्नास’ म्हणून आजही त्या ओळखल्या जातात. लंडनच्या वाचकांनो, तो संग्रह रिचमंड पार्कातल्या इझाबेला प्लँटेशनमध्ये आहे, फुकट. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी लवकर जा. ओढ्याच्या दोन्ही काठांना गुलाबी, जांभळ्या, लाल भिंती असतात आणि पाण्यात त्याच पुन्हा. नऊ वाजल्यानंतर गाडी लावायला जागा मिळाली तर मला कळवा.

एक गंमत अजून. तुमच्या सात्सुकीचं शास्त्रीय नाव ‘ऱ्होडोडेंड्रॉन इंडिकम’. इंडिकम म्हणजे भारतातलं. झाड अस्सल जपानी! झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७५३ मध्ये त्याला ‘अझेलिया इंडिका’ म्हटलं तेव्हा युरोपाला पूर्वेकडची चीजवस्तू डचांच्या जहाजांतून ‘इंडीज’हून यायची, आणि पूर्वेचं ते सगळं इंडियाचंच. नाव चिकटलं ते चिकटलं. त्यामुळे सात्सुकीला मी मनातल्या मनात आपल्याकडची सून समजते.

बाल्कनीसाठी तुम्हाला आमच्यासारखी खटपट नाही. तिथं नळाचं पाणी लंडनच्या मानानं बरंच मऊ. आणि तुमच्याकडे कानुमा मिळतं. तोचिगी प्रांतात कानुमा नावाचं शहर आहे, तिथले हे ज्वालामुखीचे, पिवळसर, कुरमुऱ्यासारखे हलके खडे. आंबट, पाणी धरून ठेवणारं, तरी मुळांना हवा देणारं. ओलं असताना गडद पिवळं दिसतं, वाळलं की फिकट. म्हणजे पाणी कधी घालायचं ते कुंडीच सांगते. मला इथं त्याची लहानशी पिशवी सोन्याच्या भावानं मिळते, तुम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातून आणता. फुलं संपली की लगेच, या महिन्याच्या आतच, सुकी फुलं बुडातून खुडा आणि छाटा. जुलै-ऑगस्टात तोक्योच्या बाल्कनीतलं काँक्रीट तव्यासारखं तापतं, म्हणून कुंडी जमिनीवर नको, लाकडी फळीवर ठेवा आणि दुपारचं ऊन अडवा. गावाला जाण्याबद्दल स्लाउच्या पत्राला दिलेलं उत्तर वाचाच.

पानांच्या जागी फिकट हिरवे, फुगलेले गोळे आलेत. त्यांवर पांढरी पूड दिसते. दुसऱ्या झाडाच्या पानांच्या कडांना कोणीतरी तिकीट पंच केल्यासारख्या खाचा. एकच रोग आहे का?
— ब्रॅकनेल

दोन वेगळे. गोळे म्हणजे बुरशी. दिसायला किळसवाणे, उकडीचा मोदक फसला की जसा दिसतो तसे, पण झाडाला फारसं काही होत नाही. फवारणी नको. पांढरी पूड धरायच्या आधी हातानं खुडून कचऱ्याच्या डब्यात टाका. कंपोस्टमध्ये टाकू नका. ती पूडच बुरशीचं बियाणं. या वर्षी उशीर झालाय तरी खुडा, पुढच्या मे-जूनमध्ये डोळा ठेवा.

खाचा मात्र गंभीर. तो ‘व्हाइन वीव्हिल’ नावाचा काळा सोंड्या भुंगा, रात्री पान कुरतडतो. पान खातो ते सोडून द्या, त्याची पोरं खाली मुळं खातात. कुंडी हलकेच उलटी करून बघा. पांढरी, तपकिरी डोक्याची, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी दिसली तर तीच. शेतकऱ्याघरच्यांना हुमणी आठवेल. ही तिची धाकटी. कुंडीतलं झाड एकाएकी माना टाकतं आणि पाणी घालूनही उठत नाही, तेव्हा बहुतेक हीच. यावर सूत्रकृमी विकत मिळतात, अळीला मारणारे, डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी. ते पाण्यात कालवून ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात ओल्या कंपोस्टवर ओतायचे. पाकीट फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. घरच्यांना आधी सांगून ठेवा. आमच्याकडे ते यीस्ट समजून नानसाठी काढलं होतं.

लेकीकडे इंग्लंडला आले होते तेव्हा पाहिलं, वेड लागलं. पुण्यात कोथरूडला अंगणात लावता येईल का?

अंगणात नाही. पुण्याची काळी माती चुन्याची, बोअरचं पाणी जड, आणि एप्रिल-मेचं ऊन. तिन्ही गोष्टी विरोधात. हिवाळ्यात नर्सरीत फुललेलं अझेलिया दिसतं, ते आंबट कंपोस्टच्या कुंडीत पूर्वेच्या सावलीत ठेवलंत तर फुलं बघायला मिळतील. उन्हाळा काढेल याची हमी मी देणार नाही. बुटकं, दाट, बारमाही हिरवं आणि लाल फुलांचं काही हवं असेल तर सरळ एक्झोरा लावा. त्यालाही चुना सोसत नाही, तेही पिवळं पडतं. पण ते आपल्या हवेचं आहे, शेणखत आणि पालापाचोळ्यावर सावरतं. लेकीकडे पुन्हा याल तेव्हा एप्रिलात या, सगळे जून-जुलैत येतात.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आरास म्हणून अझेलियाची फुलं वापरली होती. एका मैत्रिणीनं सांगितलं की ती विषारी असतात. खरं का? घरात दीड वर्षाची नात आहे.
— लेस्टर

खरं आहे. पानं, फुलं, मधसुद्धा. त्यात ग्रेयानोटॉक्सिन नावाचं द्रव्य असतं. पोटात गेलं तर लाळ सुटते, उलट्या होतात, नाडी मंदावते. कुत्र्यामांजरांनाही चालत नाही. हात लावल्यानं काही होत नाही, त्यामुळे लावायला, खुडायला, गौरीपुढे ठेवायला हरकत नाही. चैत्रगौर आणि अझेलिया इथं एकाच वेळी येतात, मीही दर वर्षी लाल फुलांची आरास करते. फक्त ती गौरीच्या मागच्या पायरीवर, उंचावर. समोर आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे असतात, तिथं जवळ नको. पाकळी वाटीत पडली तर ती वाटी टाकून द्यायची, पाकळी काढून पुढे नाही करायची. आणि खाली पडलेली फुलं नात रांगायच्या आत केरसुणीनं गोळा करा. चुकून तोंडात गेलंच तर उलटी करवायच्या भानगडीत पडू नका. तोंडातलं काढा, फुलाचा तुकडा जवळ ठेवा आणि लगेच १११ ला, म्हणजे इथल्या वैद्यकीय सल्ल्याच्या नंबरला, फोन लावा. नात पेंगुळली, उलट्या थांबेनात किंवा श्वास जड वाटला तर अँब्युलन्ससाठी ९९९.